आजारी पिंप

९ जानेवारी
फिरून आलो तर ओट्यावर बोरांचे चार क्रेट. मेहरूणची बोरं. मयुरी उजाडायच्या आत बागेत जाऊन घेऊन आलेली. एवढी कुणाला, विचारलं. "बिअरमध्ये टाकायची, नाना."

बोरांची बिअर. तीही आंबट. इंग्रजीत सावर म्हणतात म्हणे. नाव योग्यच आहे, प्यायल्यावर माणसाने स्वतःला सावरायचं.

एकतीस वर्षं फळांच्या पल्पच्या कारखान्यात तपासणीला होतो. आंबलेला माल हुंगून बाहेर काढायचा, याचा पगार घेतला. त्या पगारावर ही लेक शिकली. आणि आता चांगला माल विकत आणून स्वतःच आंबवणार.

१० जाने.
बोरं निवडायला बसलो. कुणी सांगितलं नव्हतं. पण पोरीने क्रेटमध्ये कितीतरी किडकी भरून आणलेली, आणि तिला त्याचा पत्ता नाही. देठाजवळ बारीक टिपका असतो, तो बघायचा असतो. एक अख्खा क्रेट बाजूला काढला.

"नाना, एवढं कडक नको हो."

म्हटलं, मग माझ्या डोळ्यांदेखत आणायची नव्हती.

सौ. बिया काढत होती. सौ. दोंडाईचाची, खूश झाली किंवा चिडली की माहेरची बोली बाहेर येते. "पोर घरमा शे ना? मंग बोरं निवडा नि गप बसा." यात खूश किती, चिडलेली किती, कळलं नाही.

१२ जाने.
एकूण बेत असा. मयुरीने पुण्याची नोकरी सोडली. तिथे सहा वर्षं बिअर बनवत होती, लोकांना मी "फूड प्रोसेसिंग" सांगायचो. तिच्या शाळेतला भूषण, त्याचं धुळ्याच्या अलीकडे हायवेवर हॉटेल आहे, बिअर बनवायचा परवाना आहे. त्याने हिला एक लाकडी पिंप दिलं. एकच. जूनअखेर पुण्याहून जाणकार मंडळी चव घ्यायला येणार. त्यांना आवडली तर हिला इथे कायमचं काम, हॉटेलची सगळी बिअर हिच्या हातात. नाही आवडली तर परत पुणं.

सौ.ने देवापुढे काय मागितलं ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. मी काही मागितलं नाही. पोरगी घरात असली की दुपारचा चहा दोनदा होतो, एवढं मात्र खरं.

२ फेब्रु., रविवार
भूषणचं हॉटेल पाहिलं. एसटीने पारोळ्यापर्यंत, पुढे तो गाडी घेऊन आला. दाढी छातीपर्यंत, खाली बर्मुडा. याचा बाप जन्मभर कडक इस्त्रीत दुकानाच्या गादीवर बसला.

भिंतीवर सायकल टांगलेली. कुणाची, विचारलं. "डेकोर आहे, काका." बरं.

लाकडी फळीत चार बुटके ग्लास खोचून आणले. जांभूळ, संत्रं, पेरू-मिरची, आणि चौथी कसली ते भूषणलाही आठवेना. शेजारच्या टेबलावर चार जण. "फंकी शे भाऊ." "नही रे, टार्ट शे." एकाने डोळे मिटले आणि सांगितलं की मागून घोंगडीचा वास येतो, आणि एकदम भारी येतो. ओल्या घोंगडीच्या वासाला पैसे देतात! याच्या आजोबांच्या अंगाला तोच वास यायचा तेव्हा याच्या बापाने नाक मुरडलं असेल.

मी प्रत्येकाचा एक घोट घेतला, तोंडात फिरवला, बेसिनमध्ये थुंकलो. वेटर धावत आला. "काका, उलटी होतेय का?" अरे, एकतीस वर्षं असंच चाखलं. गिळलं असतं तर तिशीतच साखर लागली असती.

जांभूळ: रंग बरा. चिंचेच्या पाण्यात सोडा. ना.
संत्रं: गोळीचं. ना.
पेरू-मिरची: गाडीवर दहा रुपयांत याहून चांगली फोड मिळते. ना.
चौथी: ना.

(ना. म्हणजे नापास. कारखान्याच्या वहीतली सवय, सुटत नाही.)

मग मागच्या थंड खोलीत नेलं, मयुरी तिथे कामात होती. मयुरीने पिंपाला कान लावला. "ऐका ना, नाना." मीही लावला. आत बारीक टिकटिक. तिच्या डोक्याला फडकं, गुडघे ओले, आणि चेहरा कसा, तर दहावीचा निकाल लागला तेव्हा होता तसा. मी म्हटलं खोलीत झुरळं असतील, बघ.

२ मार्च
बोरं टाकून साडेसहा आठवडे. पिंपाला एक खिळा मारून ठेवलाय, तो उपटला की सुतासारखी धार येते. चमच्यावर घेतली. बोराच्या सालीचा तुरटपणा आहे, आंबटही आहे, मधला भाग रिकामा. थुंकलो.

"कशीये?"

"आंबलीये."

"आंबली नाहीये, आंबवलीये."

"फरक काय?"

"एकात कुणाचं लक्ष नसतं, एकात असतं."

उत्तर चांगलं होतं. तिला तसं सांगितलं नाही. डोक्यावर बसली असती.

१३ एप्रिल
मयुरी मैत्रिणीच्या लग्नाला पुण्याला गेली, आठ दिवस. जाताना सौ.ला दह्याच्या सूचना देऊन गेली, मला पिंपाबद्दल एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. ऊन मरणाचं.

१५ एप्रिल
सकाळी भूषणचा फोन. "काका, बिअर विचित्र दिसतेय. तेलासारखी पडतेय. तुम्ही जुने क्वालिटीवाले, बघून जाता का?"

पुण्याची सहा वर्षं, इंग्रजी पुस्तकं, आणि शेवटी बोलावणं कुणाला? लगेच निघालो.

खिळा उपटला. धार येईना, लोळ आला. वाटीत घेतलं, चमचा बुडवून वर उचलला तर तार. हातभर तार, तुटेना. अंड्याच्या पांढऱ्यासारखी.

कारखान्यात आमचे तीन शब्द. फुगलं, आंबलं, तार सुटली. पहिल्या दोनांवर साहेब वाद घालायचे. तार सुटली म्हटलं की कुणी तोंड उघडायचं नाही. लॉट बाहेर, ड्रम गरम पाण्याने धुवायचा, संपलं.

पिंपावर मयुरीच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली. "आजारी आहे. जूनपर्यंत कुणी हात लावू नये." हसूच आलं. भूषणला म्हटलं, थर्मामीटर कुठे लावतात?

तो म्हणाला, "मयूला फोन करू का एकदा?"

"लग्नघरात कशाला त्रास. आणि तिला फळाची पारख कुणी शिकवली, विचार तिला."

खालचं बूच काढलं. बोरांचा चोथा, चिकट पाणी, सगळं नाल्यात गेलं. दीड तास चाललं. मग पिंप कढत पाण्याने दोनदा. भूषणचे लोक नुसते बघत होते. एकालाही पाइप धड धरता येत नव्हता.

नाकारलेल्या मालाचा नमुना ठेवायचा असतो, म्हणून सुरुवातीलाच तीन बाटल्या भरून बूच मारून घेतल्या. घरी आणल्या. पुरावा.

आज बऱ्याच वर्षांनी कामावरून आल्यासारखं वाटलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१६ एप्रिल
मयुरीला मीच फोन केला. सांगितलं, तुझ्या पिंपाला तार सुटली होती, वेळेत गेलो म्हणून बरं, नाहीतर वास बाकीच्या टाक्यांना लागला असता.

मागे सनई वाजत होती.

मग म्हणाली, "ओतून दिली?"

"मग काय पूजा करायची?"

"नाना, ती आजारी होती. मेली नव्हती."

मग समजावून सांगायला लागली. आवाज अगदी शांत, मी अडाणी असल्यासारखा. म्हणे अशा बिअरला मध्येच तार सुटते. एक जंतू तार काढतो, आत दुसरं यीस्ट असतं ते सावकाश ती तार खाऊन टाकतं. दोन-तीन महिने लागतात. मग ती साफ होते आणि आधीपेक्षा चांगली होते. या आजारातून जाऊनच चांगली होते. परदेशात याला आजारीच म्हणतात.

तार खाणारं यीस्ट! म्हटलं, आमच्याकडे माल एक तर पास असतो नाही तर नापास. आजारी असा शिक्का कारखान्यात नव्हता.

"माहितीये," म्हणाली आणि फोन ठेवला. बाटल्यांचं सांगायचं राहिलं.

१७ एप्रिल
सौ.ला आत्ता कळलं. पोळपाट तसाच ठेवून बाहेर आली. "बठ्ठं फेकी दिधं? पोरले इचारं का?"

म्हटलं, तुला यातलं काय कळतं.

"माले नही कळस. पण माले नही कळस ते मी फेकत नही."

जेवण वाढलं आणि आत गेली. हिलाही आता शहाणपण सुचायला लागलं.

२२ एप्रिल
मयुरी काल आली. भांडेल म्हणून तयारी ठेवली होती, मुद्दे काढून ठेवले होते. भांडली नाही. "पाणी द्या ना, नाना," म्हणाली, तेवढंच. आज सकाळी हॉटेलवर जाऊन आली. भूषणने फोनवर सांगितलं. पिंपाच्या आत टॉर्च टाकून बघितलं आणि म्हणाली, "छान धुतलंय."

याचा अर्थ काय घ्यायचा?

२७ एप्रिल
गेली पुण्याला. जुन्या ठिकाणी परत घेतलंय. दोन बॅगा नेल्या, बाकी कपडे इथेच. स्टँडवर सोडायला गेलो. एरंडोल-पारोळ्याची गाडी लागली होती, तिच्याकडे बघत म्हणाली, "मला वाटलं होतं निदान तुम्हाला कळेल." पुण्याच्या गाडीत बसली तेव्हा खिडकी उघडली नाही. ए.सी. गाडी होती, खिडकी उघडतच नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

"निदान" म्हणजे काय? मला सगळ्यांच्या आधी कळतं. म्हणून तर ओतलं.

११ मे
घरात पंख्याखाली चाळीसच्या वर. तिन्ही बाटल्या मधल्या खोलीत माठाच्या बुडाशी ओल्या गोणपाटात ठेवल्यात.

एकदाचं सिद्ध करून टाकू म्हणून एक उघडली. तार आणखी वाढली असणार, तेवढं मयुरीला कळवायचं, विषय संपवायचा.

वाटीत ओतली, चमचा उचलला. तार वीतभर.

त्या दिवशी हातभर होती. दुसऱ्या चमच्याने बघितलं. वीतभरच. दोरी आणून मोजायचा विचार आला, सौ. बघत होती म्हणून सोडला.

चव घेतली. चिकट, पण मागे काहीतरी येतंय. थुंकलो. उरलेली मोरीत.

उष्णतेने पातळ झाली असेल. एका नमुन्यावर निष्कर्ष काढत नाहीत.

२५ मे
भूषणचा फोन, मयुरीचा नवा पत्ता विचारायला. विचारलं, कशाला? तिचा ॲप्रन राहिलाय म्हणे. मग म्हणाला, "काका, मी त्या दिवशी फोन करायला पाहिजे होता तिला." हा आता मला सांगतोय. दाढी एवढी वाढवली, मला अडवायची छाती नव्हती. गाढव.

अर्थात अडवलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं.

८ जून, रविवार
दुसरी उघडली.

तार नाही. चमचा तीनदा बुडवला, तीनदा उचलला. थेंब पडतात, पाण्यासारखे, सुटे. रंग स्वच्छ. वास बोरांचा, आणि नुसता बोरांचा नाही, त्यात थोडी ओली माती, थोडं ताक. घोंगडी नाही. किंवा असेलही.

तोंडात घेतली. आंबट आहे, सालीचा तुरटपणा आहे, आणि मार्चमध्ये मधला जो भाग रिकामा होता तो भरलाय. गोड नाही, तरी पिकलेलं बोर फोडल्यावर तोंडाला पाणी सुटतं तसं. बेसिनपर्यंत गेलो. गिळून टाकली. परत येऊन बसलो, आणखी घेतली. सगळी प्यायलो. जन्मात पहिल्यांदा तपासणीचा नमुना प्यायलो.

पास, असं या वहीत लिहायला बसलो. मग लाज वाटली. मी कोण पास करणारा? ती चांगली झाली तेव्हा मी जवळही नव्हतो. दोन महिने गोणपाटात नुसती राहू दिली, एवढंच माझं कर्तृत्व. माठाने माझ्यापेक्षा जास्त केलं.

अख्खं पिंप होतं. ही चव अख्ख्या पिंपात येणार होती, मी ती दीड तास नाल्यात सोडत होतो आणि लोकांना पाइप कसा धरायचा ते शिकवत होतो.

९ जून
सौ.ला सांगितलं. सांगायलाच लागलं, बाटली पालथी घातलेली तिने बघितली.

तिने एकच विचारलं. "तळनं राखं का? इरजणले?"

दह्याचं विरजण ठेवतात, तसं. बाटलीच्या तळाला गाळ असतो. तार काढणारा जंतू आणि तार खाणारं यीस्ट, दोघंही त्यातच. त्यावरून नवं पिंप लावता आलं असतं. हे मला कळायला हवं होतं, कारखान्यातला माणूस मी. आणि मी काय केलं? गाळ स्वच्छ धुतला. पहिल्या बाटलीचाही. बाटली उन्हात वाळवली.

दोन बाटल्या मी बरोबर आहे हे बघण्यात घालवल्या. एक उरली.

१५ जून
मयुरीचा रविवारचा फोन. सौ.शी वीस मिनिटं. मग, "नाना आहेत का? बरे आहेत ना?" सौ.ने फोन पुढे केला. पाऊस नाही अजून, बोललो. पुण्यात झाला, म्हणाली. बाटलीचं बोललो नाही. भित्रा माणूस. दुसऱ्याचा माल नापास करताना जीभ अडखळली नाही कधी.

२९ जून
जाणकार मंडळी आली होती म्हणे. भूषण सांगत होता, पेरू-मिरची फार आवडली, फोटो काढले. फोडीवर मिरची टाकणाऱ्या गाडीवाल्याला कुणी जाणकार म्हणत नाही.

मग भूषण म्हणाला, "पिंप रिकामंच आहे, काका. रिकामं राहिलं की लाकूड वाळतं, फटी पडतात. पाणी भरून ठेवतोय सध्या. मयू येणार असेल तर ठेवतो तसंच. नाहीतर अर्धं कापून कुंड्या करतो."

किती दिवस ठेवशील, विचारलं. "गणपतीपर्यंत बघतो." या माणसाला मी गाढव लिहिलं होतं मागे. राहू दे लिहिलेलं, आपण काय लिहितो ते दिसावं.

५ जुलै
मयुरी आली, उरलेले कपडे न्यायला. दोन दिवस. वाळली आहे. सौ.ने शेवभाजी केली, तिने दोनदा घेतली.

जेवण झाल्यावर बाटली तिच्यापुढे ठेवली. आणि सगळं सांगितलं. वीत, थेंब, माठ, गोणपाट. ही साफ झालीय, तुझं खरं होतं, असंही सांगितलं. चुकलो म्हणालो. हा शब्द तिच्यासमोर पहिल्यांदा काढला असेल. आवाज भलताच मोठा निघाला, शेजारी ऐकू गेला असेल.

तिने बाटली उजेडाकडे धरली. तळाचा गाळ हलवला, परत बसू दिला. खूप वेळ बघत होती. चेहरा जरा सैलावला असं मला वाटलं.

मग म्हणाली, "एकच भरली होती?"

"तीन."

"बाकीच्या दोन?"

"तपासल्या."

"गाळ?"

धुतला म्हणून सांगितलं.

"एप्रिलमध्ये होत्या तिन्ही? मी इथे होते तेव्हा? या घरात?"

हो म्हणालो. सहा दिवस ती इथे होती आणि बाटल्या माठाजवळ होत्या. रोज त्याच माठातलं पाणी प्यायली. तेव्हा दिल्या असत्या तर त्या आठवड्यातच पिंप परत लावता आलं असतं. हे ती बोलली नाही. बोलायची गरज नव्हती, मला मोजता येतं.

"झोपते जरा," म्हणाली. बाटली हातात घेऊनच खोलीत गेली.

६ जुलै
दुपारी भूषणचं सांगितलं तिला. पाणी भरून ठेवलंय, गणपतीपर्यंत. "हं," म्हणाली. बोरं जानेवारीशिवाय येत नाहीत, तोवर जांभूळ चालेल का, विचारलं. "जांभूळ संपलं, नाना," म्हणाली. तेही खरं. फळाचा हंगाम मला तिने सांगायची वेळ आली.

पण संध्याकाळी गच्चीवर आली, माझ्या शेजारी बसली. विचारलं, "चव कशी होती?" तिने स्वतः चाखलेलीच नाही, चांगली झाल्यावर. जगात ती चव घेतलेला मी एकटा. सांगायला लागलो तर धड शब्द मिळेनात. ओली माती म्हणालो. ताक म्हणालो. शेवटी घोंगडीसुद्धा म्हणालो. हसली. "तुम्ही पण, नाना?"

"उघडून बघ ना," म्हटलं.

"नको," म्हणाली.

७ जुलै
सकाळच्या गाडीने गेली. स्टँडवर मीच सोडलं. पोचल्यावर फोन कर म्हटलं, हो म्हणाली. पिंपाचा विषय तिने काढला नाही, मी विचारलं नाही.

घरी आलो तर बाटली ओट्यावर.

सौ. म्हणते विसरली. घाईत होती, डबा पण विसरत होती, हिनेच धावत येऊन दिला. असेल. पण बाटली टॉवेलमध्ये गुंडाळलेली होती, तिच्या स्वतःच्या टॉवेलमध्ये, आणि उभी ठेवलेली, भिंतीला टेकवून, ऊन येणार नाही अशा कोपऱ्यात. विसरलेली वस्तू अशी असते का? की न्यायची म्हणून गुंडाळली आणि मग राहिली? की परत येणार म्हणून इथेच ठेवली? की नकोच म्हणून?

एकतीस वर्षं माल बघून सांगत आलो. हे बघून काही सांगता येत नाही.

दुपारी तीनदा नंबर काढला. गाडी नाशिकच्या पुढे असेल. विसरलीस की ठेवलीस, एवढं विचारायचं आहे, पण ते विचारवत नाही. म्हणून दुसरं विचारणार आहे. ही माठाजवळच ठेवू की फ्रिजमध्ये, उभी ठेवू की आडवी. खरंच मला माहीत नाही.